पोलिसी पाठलाग
थांबण्याचा इशारा न जुमानता वाहनातून पळणाऱ्या संशयितास पकडण्यासाठी पोलिसांनी वाहनातून केलेला पाठलाग. त्यात पळणारा व पोलीस यांच्याबरोबरच रस्त्यावरील तिऱ्हाइताचाही जीव धोक्यात येतो; म्हणून तो केव्हा करावा आणि केव्हा सोडून द्यावा, हा कायद्याइतकाच नीतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचा विशेष ऊहापोह झाला.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यानुसार पळून जाणाऱ्या गंभीर गुन्हेगारास ठार मारण्याचीही मुभा होती. अशा बहुतेक गुन्ह्यांना त्या काळी देहदंडच असल्याने ती विसंगत वाटत नसे. अमेरिकेतील अनेक राज्यांत हा नियम विसाव्या शतकातही टिकून होता. संशयित धोकादायक असल्याचे सबळ कारण नसताना, केवळ तो पळतो म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिला. बंदुकीला बसलेला हा लगाम मोटारीला मात्र तितकासा बसला नाही.

सॅक्रमेंटो परगण्यात (कॅलिफोर्निया) २२ मे १९९० रोजी मारामारीच्या तक्रारीवरून गेलेल्या पोलिसांना एक मोटारसायकल भरधाव येताना दिसली. तिच्यावरील दोघांचा त्या मारामारीशी काहीही संबंध नव्हता. चालक थांबला नाही. वस्तीतील रस्त्यांवरून ७५ सेकंद, सु. २ किमी. पाठलाग चालला, वेग ताशी १६० किमी.पर्यंत गेला. अखेर मोटारसायकल कलंडली आणि मागून आलेल्या पोलिसी मोटारीच्या धडकेने मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा मरण पावला. थांबायचे की पळायचे, हे ठरविणे त्याच्या हाती नव्हतेच. अटकेशी संबंध नसलेली इजा करण्याचा हेतू असल्याखेरीज अशा मृत्यूने संविधानाचा भंग होत नाही, असे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांच्या १९९८ मधील निकालपत्राने ठरविले. क्षणार्धात निर्णय घ्यावा लागणाऱ्या पोलिसाला हा न्याय रास्त वाटेल. दाद मागणाऱ्या आईबापांना काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

जॉर्जिया राज्यातील प्रकरणात मूळ अपराध ताशी ५५ मैलांच्या मर्यादेत ७३ मैल वेगाने मोटार हाकण्याचा होता. पोलिसाने मागून धडक दिली. एकोणीस वर्षांचा चालक कायमचा पंगू झाला. पाठलागाची चित्रफीत पाहून न्यायालयाने २००७ मध्ये आठ विरुद्ध एक मताने पोलिसाच्या बाजूने निर्णय दिला. बेदरकार पळणाऱ्यास सोडून देण्याचा दंडक घातल्यास पळण्यालाच उत्तेजन मिळेल, हे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांचे म्हणणे. एकट्या जॉन पॉल स्टीव्हेन्स यांनी ते अमान्य केले. मोटारीचा नोंदणी क्रमांक पोलिसांना ठाऊक होता, ही बाब येथे नजरेआड करता येत नाही.

खरा संयम आला तो खात्यांच्या नियमांतून. फ्लॉरिडातील मेट्रो-डेड पोलीस खात्याने १९९२ मध्ये केवळ हिंसक गंभीर गुन्ह्यांपुरतीच पाठलागाची परवानगी ठेवली. पाठलाग वर्षभरात २७९ वरून ५१ वर आले. ओमाहा (नेब्रॅस्का) येथे १९९३ मध्ये नियम सैल करताच ते १७ वरून १२२ वर गेले. पाठलागांची संख्या वरिष्ठांच्या आदेशावर किती अवलंबून असते, हे यावरून दिसते. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये कायद्यानेच असे निर्बंध घातले. गुन्हेगार मोकाट सुटतात या तक्रारीनंतर २०२४ मध्ये ते पुष्कळसे शिथिल करण्यात आले.