पुराव्याची फसवणूक : २००८चे चिनी दूध

अश्वत्थाम्याला लहानपणी दूध म्हणून पिठाचे पाणी पाजले गेले आणि तो आनंदाने नाचू लागला, ही महाभारतातील कथा आम्ही वर्गात द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची कथा म्हणून शिकवत आलो. आज आम्हाला तिच्यात पुराव्याचाही प्रश्न दिसतो. ज्याने दूध कधी चाखलेलेच नाही, त्याच्या लेखी पांढरा रंग हाच दुधाचा पुरावा असतो. आणि फसवणूक करणाराही नेमका तेवढाच पुरावा उभा करतो.

आधुनिक काळात रंगाची जागा प्रयोगशाळेतील आकड्याने घेतली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली पदार्थातील नायट्रोजन मोजण्याची एक सुटसुटीत पद्धत शोधली. प्रथिनांत नायट्रोजन असतो, म्हणून तो मोजून त्याला ठरावीक अंकाने (दुधासाठी ६.३८) गुणले की प्रथिनांचे प्रमाण मिळते, असे मानले गेले. प्रामाणिक दुधाच्या बाबतीत हे खरेही होते. मात्र ही चाचणी प्रथिन पाहत नाही, नायट्रोजन पाहते. खूण आणि वस्तू यांतील हे अंतर साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही.

चीनमधील काही दूध-दलालांनी या अंतराचाच व्यापार केला. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनांचा आकडा खाली येतो. तो वर नेण्यासाठी त्यांनी दुधात मेलामाइन मिसळले. न फुटणाऱ्या ताटल्या ज्यापासून बनतात, तेच हे रसायन. त्याच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनचा असतो. चाचणीने दूध उत्तम ठरवले. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांत मात्र खडे साचू लागले. सुमारे ३ लाख मुले आजारी पडली, ६ दगावली.

शिच्याच्वांग शहरातील सान्लू कंपनीकडे पालकांच्या तक्रारी २००७च्या अखेरीपासून येत होत्या. दुधात मेलामाइन असल्याचे ऑगस्ट २००८च्या आरंभी कंपनीला आणि स्थानिक प्रशासनाला ठाऊक झाले होते. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये ऑलिंपिक भरले. लोकांना ही बातमी कळली ती सप्टेंबरमध्ये. पुढे दोघांना मृत्युदंड झाला, कंपनीच्या प्रमुख बाईंना जन्मठेप. परंतु ज्यांचा मुलगा या दुधाने आजारी पडला होता आणि ज्यांनी इतर पालकांना एकत्र आणले, त्या चाओ ल्यॅनहाय यांनाही २०१० साली सार्वजनिक शांतता बिघडवल्याच्या आरोपावरून अडीच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.

आम्हाला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. आकडा खोटी साक्ष देत होता, तेव्हा खरी साक्ष मुलांच्या शरीरांत होती आणि ती आईबापांनी वाचली होती. तिला पुरावा मानायला मात्र कोणी तयार नव्हते. आपल्याकडेही डेअरीवर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफच्या आकड्यांवर ठरतो, आणि तो आकडा फुगवण्यासाठी दुधात युरिया मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. मोजमाप हवेच. पण त्यासोबत आजारी लेकराच्या आईचे म्हणणे ऐकून घेणारा कोणीतरी त्या डेअरीपासून सरकारी कचेरीपर्यंत असायला हवा.