घर तिथंच, पट्टी शहराची

आमच्या आत्यांचं घर पुण्याच्या कडेच्या एका गावात आहे. बेळगावहून आम्ही गेलो की त्या पावत्यांचा पत्र्याचा डबा हमखास उघडतात. ग्रामपंचायतीची घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, सगळं तारीखवार लावलेलं. २०१७ साली गाव महापालिकेत गेलं आणि त्याच डब्यात नव्या तऱ्हेची बिलं येऊ लागली. खोल्या त्याच चार, आकडा मात्र चढता. "आम्ही कुठं हललो नाही गं, शहरच उंबऱ्याशी आलं," असं त्या म्हणतात.

पुणे महापालिका १९५० साली झाली आणि आजूबाजूची गावं पोटात घेत वाढत गेली. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, त्यातली काही पुढे वगळली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली.

पट्टी का वाढते, हे आपण बायकांनी समजून घ्यायला हवं. महापालिका घराचं वार्षिक करयोग्य मूल्य काढते, म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल याचा अंदाज. त्यावर सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, शिक्षण उपकर असं एकेक चढत जातं. हा भार एकदम पडू नये म्हणून कायद्यात सोय आहे: आधी ग्रामपंचायतीचाच दर, मग टप्प्याटप्प्यानं पूर्ण दर.

पट्टी चढायचे टप्पे कायद्यात ठरलेले आहेत, नळ यायचे नाहीत. जलवाहिनी, टाकी, ड्रेनेज यांना त्यांचा वेळ लागतो. मधली वर्षं घर दोनदा पैसे मोजतं, एकदा महापालिकेला आणि एकदा टँकरवाल्याला. पाणी गाळून वापरणाऱ्या आपल्या घरांत तांब्याचा हिशेब आधीच असतो, तो आणखी घट्ट होतो.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडला. २०१७ मध्ये ही गावं शहरात आली, तेव्हा जास्त कर आणि अपुऱ्या सोयी ही तिथल्या लोकांची तक्रार झाली. अखेर २०२४ मध्ये दोन्ही गावं महापालिकेतून वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद केली गेली. पण बाहेर पडल्यानं रस्ते, पाणी, गटारं यांचा खर्च काही संपत नाही, तो लहान गावाच्या तिजोरीवर येतो.

म्हणून नुसत्या पट्टीवरून शहर महाग की स्वस्त ते ठरवू नये. वहीत शेजारी शेजारी मांडावं: टँकर, बोअरच्या मोटारीचं वीजबिल, शोषखड्डा उपसायचा खर्च. गावाला नळ आणि ड्रेनेज मिळालं तर या ओळी खोडता येतात आणि वाढलेली पट्टी परवडते. त्या ओळी तशाच राहिल्या, तर ती पट्टी नुसतं वरचं ओझं. आणखी एक. पुण्यात मालक स्वतः घरात राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत आहे. मधे ती बंद झाली होती, २०२३ मध्ये परत मिळाली. पण अर्ज आपणच भरावा लागतो. घर बाईच्या नावावर असेल तर हा कागद तिनंच मागून घ्यावा.

आत्यांच्या डब्यात महापालिकेची पावती आता वर असते. तिच्याखाली टँकरच्या चिठ्ठ्या अजून जमतात. ज्या वर्षी त्या थांबतील, त्या वर्षी आमचं गाव शहरात गेलं असं आम्ही धरू.