पत्त्याचे अलंकरण : मोडी लेखनापासून पिनकोडपर्यंत

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा मार्गावर वसलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मराठी घरांत भांड्यावर नाव घालण्याची रीत असे; लिफाफ्यावरील सुबक नावही तसेच प्रतिष्ठेचे चिन्ह होते.

धुळ्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाने मोडी कागद जपले आहेत. मोडी लेखनात आधी शिरोरेषा आखून तिच्याखाली बोरूने अक्षरे मांडली जात. पत्राचा डौल चिटणिशी, रानडी अशा वळणांत आणि 'राजमान्य राजश्री'सारख्या बिरुदांत असे. पुढे टपालाच्या काळात हेच बिरुद 'रा. रा.' असे संक्षेपाने लिफाफ्यावर आले. मंगलपत्रांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागले.

मात्र हे अलंकरण निर्दोष नव्हते. 'सौ.' वा 'गं. भा.' ही अक्षरे स्त्रीचे सौभाग्य किंवा वैधव्य पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना कळवीत. 'रा. रा.' वाचून पुरुष विवाहित की विधुर, हे कळत नसे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडने पत्ता सहा अंकांनी स्थळाशी बांधला. पत्र पोहोचण्यासाठी बिरुदाची आवश्यकता नव्हतीच, हे त्यातून स्पष्ट होते. सुंदर हस्ताक्षराचा वारसा जपताना त्यात दडलेली विषमताही इतिहासाने नोंदविणे अगत्याचे आहे.