ओळंबा, तारे आणि वऱ्हाड : टाकलखेडा येथील अक्षांशनिश्चितीचे एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

भर समुद्रात किनारा दृष्टीआड झाल्यावर नाविकाला आपले स्थान आकाशावरून काढावे लागते. सेक्स्टंटने ताऱ्याचे क्षितिजापासूनचे उन्नतांश मोजायचे, अचूक वेळ नोंदवायची, नाविक पंचांगातून ताऱ्याचे त्या क्षणीचे स्थान घ्यायचे आणि एखाद्या गृहीत ठिकाणाहून तो किती उंच दिसायला हवा याचे गणित करायचे. मोजलेल्या व गणिताने आलेल्या उन्नतांशांत जितक्या कलांचा फरक, तितके सागरी मैल स्थानरेषा ताऱ्याकडे किंवा त्याच्या उलट दिशेला सरकवायची. दोन ताऱ्यांच्या अशा रेषा जेथे छेदतात तेथे जहाज असते.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या वऱ्हाडाचा या विद्येशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु १८२० च्या दशकात पूर्णेच्या खोऱ्यात हेच गणित मांडले गेले, आणि तेही नाविकाला कधी लागत नाही इतक्या सूक्ष्मतेने. वऱ्हाडच्या इतिहासलेखनात कापूस, रेल्वे आणि १८५३ चा निजामाशी झालेला तह यांवर विपुल लिहिले गेले. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. प्रस्तुत लेखात त्या सर्वेक्षणातील टाकलखेडा या केंद्राचा विचार केला आहे.

लॅम्बटन ते एव्हरेस्ट

विल्यम लॅम्बटन हा आर्थर वेलस्लीच्याच ३३ व्या पलटणीतील अधिकारी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात दक्षिणेऐवजी उत्तरेकडे, म्हणजे टिपूच्याच फौजेकडे, निघाली असल्याचे त्याने केवळ तारे पाहून ओळखले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. याच वेलस्लीने १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि डिसेंबरात गाविलगडावर विजय मिळविला. तलवारीमागोमाग थिओडोलाइट आला, हा क्रम केवळ योगायोगाचा नव्हे. मोजलेल्या भूमीवर कारभार करणे सोपे जाते.

लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून कामास आरंभ केला. कन्याकुमारीच्या परिसरातून निघालेली याम्योत्तर मालिका बिदरजवळील दमरगिड्यापर्यंत (१८° ३′ १५″) आली व पुढे वऱ्हाडातील टाकलखेड्यापर्यंत (२१° ५′ ५१″) पोहोचली. जानेवारी १८२३ मध्ये हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे लॅम्बटनचे निधन झाले. त्यानंतर त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने, तापाने जर्जर असतानाही, ही मालिका सिरोंजजवळील कल्याणपूरपर्यंत (२४° ७′ ११″) नेली.

ओळंब्याचा प्रश्न

जमिनीवर नाविकाचे स्वच्छ क्षितिज उपलब्ध नसते. म्हणून सर्वेक्षक ओळंब्याचा आधार घेत. पाच फूट त्रिज्येच्या झेनिथ सेक्टर यंत्राने खमध्याजवळून जाणाऱ्या ताऱ्याचे नतांश मोजले जात आणि ताऱ्याच्या क्रांतीत ते मिळवून वा वजा करून अक्षांश निघत. खमध्याजवळचेच तारे निवडण्याचे कारण असे की, तेथे वातावरणातील वक्रीभवनाचा दोष जवळजवळ नाहीसा होतो.

दोष एका ठिकाणी टाळला, तर दुसऱ्या ठिकाणी उभा राहिला. टाकलखेड्याच्या दक्षिणेला सपाट खोरे आणि उत्तरेला सातपुड्याचे पठार आहे. पठाराचे वस्तुमान ओळंब्याला किंचित उत्तरेकडे ओढते. त्यामुळे यंत्राचे खमध्य दक्षिणेकडे झुकते आणि अक्षांश खऱ्यापेक्षा कमी येतात. परिणामी दमरगिडा-टाकलखेडा हा कंस आखूड ठरतो, तर टाकलखेडा-कल्याणपूर हा तेवढाच लांब. एका विकलेचे अंतर या भागात सुमारे ३१ मीटर भरते. सेक्स्टंटची अचूकता फार तर कलेच्या अंशाइतकी असल्याने नाविकाला अशा चार-पाच विकलांचा पत्ताही लागणार नाही. पृथ्वीचा आकार ठरवू पाहणाऱ्यास मात्र त्या सहन होण्याजोग्या नव्हत्या.

पर्वत ओळंब्याला ओढतो हे नवे नव्हते. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वतावर नेव्हिल मॅस्केलिन याने ते दाखविले होते. खलाशांसाठी १७६७ पासूनचे नाविक पंचांग सिद्ध करणारा ज्योतिषी तो हाच. एव्हरेस्टने १८३० च्या आपल्या ग्रंथात टाकलखेड्याच्या उत्तरेकडील पठाराच्या आकर्षणाचे गणित मांडले. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या ग्रंथात फेरमोजणीचे दोन खंड आहेत : दमरगिडा ते कल्याणपूर आणि कल्याणपूर ते मुझफ्फरनगरजवळील कालियाना. खंडसीमा म्हणून टाकलखेडा त्यात उरलेले नाही.

यापैकी उत्तरेच्या खंडात ५.२३६ विकलांची तफावत राहिली. १८५५ मध्ये कलकत्त्याचा आर्चडीकन प्रॅट याने हिमालयाच्या आकर्षणाने ती याहून सुमारे तिप्पट, १५.८८५ विकला, यायला हवी होती असे दाखविले. पर्वतांखाली हलक्या द्रव्याची मुळे खोल गेलेली असावीत, हे एअरीचे उत्तर त्याच वर्षीचे. समस्थायित्वाच्या सिद्धांताचा उगम सांगताना हिमालयाचे नाव सर्वत्र घेतले जाते. परंतु भारतीय कंसावर ओळंब्याच्या विचलनाचे गणित त्याआधी पंचवीस वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी मांडले गेले होते, याची नोंद वऱ्हाडातील अभ्यासकांनी तरी घ्यावयास हवी.

स्थाननिश्चिती आणि खलाशी

सर्वेक्षणाच्या कागदांतील हे नाव वऱ्हाडातील ‘टाकरखेडा’ या ग्रामनामाशी जुळते. अमरावती जिल्ह्यात या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. नामसादृश्यावरून निर्णय करणे म्हणूनच धोक्याचे. २१° ५′ ५१″ हे अक्षवृत्त अमरावती व अचलपूर यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून जाते. रेखांश, जुने नकाशे आणि प्रत्यक्ष क्षेत्रपाहणी यांचा मेळ घालणे अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांच्या भूगोल आणि इतिहास विभागांना सहज शक्य आहे.

तंबू ठोकणाऱ्या, अवजड यंत्रे टेकड्यांवर चढविणाऱ्या आणि रात्री दिवे धरून बसणाऱ्या माणसांना सर्वेक्षण खात्यात ‘खलाशी’ म्हणत. मराठीत जहाजावरच्या माणसालाही तोच शब्द आहे. एव्हरेस्टच्या ग्रंथांत ताऱ्यांच्या निरीक्षणांचे तक्ते पानोपानी आहेत. वऱ्हाडातील तापाच्या हंगामात ती यंत्रे वाहणाऱ्या खलाशांची यादी त्या तक्त्यांच्या शेजारी नाही.