मुस्तफा कोण होणार?

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गावर ऑफ तास घ्यायला गेलो होतो. मुलांचं मोबाइलवरच्या गेमवरून भांडण चाललं होतं. मला पाहून शांत झाली. मग एकाने धीर करून विचारलं, "सर, तुमच्या वेळी गेम होते का? तुमचा आवडता कुठला?"

मी म्हटलं, "मुस्तफा."

वर्ग हसला. असा गेम असतो यावर कुणाचा विश्वास बसेना. त्या तासाला जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे.

१९९५च्या सुमारास कर्जतमध्ये एका गाळ्यात गेमची चार मशिनं होती. बाहेर पडदा, आत अंधार, उदबत्ती आणि घामाचा वास. रुपयाचं नाणं टाकायचं आणि जीव संपेपर्यंत खेळायचं. चारपैकी तीन मशिनं रिकामी असत. चौथ्यासमोर रांग असे, त्याचं नाव मुस्तफा.

त्या गेमचं खरं नाव होतं 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिक्सवर तो बेतलेला होता. गोष्ट २६व्या शतकातली. डायनासोर पृथ्वीवर परत आलेत आणि शिकारी टोळ्या त्यांना मारतायत. त्या टोळ्यांशी लढणारे चौघे: जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओब्राडोविच आणि मुस्तफा कैरो. जॅक हा मूळ नायक, मुस्तफा त्याचा इंजिनिअर मित्र. म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या लेखी तो दुसऱ्या नंबरचा माणूस. पण आपल्याकडे पोरांनी अख्ख्या गेमलाच त्याचं नाव दिलं. फक्त कर्जतला नाही. मुंबईपासून उत्तरेतल्या शहरांपर्यंत तो 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. कॅपकॉमला याची कल्पनाही नसेल.

कारण साधं होतं. मुस्तफा चपळ होता. पिवळ्या टोपीचा हा गडी धावत येऊन अशी लाथ मारायचा की समोरचे तिघे एकदम आडवे. जॅक बरा होता, मेस ताकदवान पण सुस्त. त्यामुळे नाणं टाकलं रे टाकलं की ओरडा व्हायचा, "मुस्तफा मला! मुस्तफा मी होणार!" ओरडणाऱ्यांत पाटील असत, गायकवाड असत, ठाकूर असत, आम्हीही असू. कधी हातघाईवर प्रकरण येई.

यात विशेष काय, असं वाटेल. त्यासाठी दोन वर्षं मागे जावं लागेल. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईच्या दंगलीतून माझी खाला दोन मुलांना घेऊन कर्जत लोकलने आमच्याकडे आली होती. प्रवासभर तिने मुलांना नावाने हाक मारली नाही. धाकट्याला 'बाळू' म्हणत आली. आमच्या घरी पोहोचल्यावर तो हळूच म्हणाला, "अम्मी, आता माझं नाव घेतलं तरी चालेल?" मी तेव्हा आठवीत होतो. नाव ही लपवायची गोष्ट असू शकते हे मला त्या दिवशी कळलं. आणि दोनच वर्षांनी त्या अंधाऱ्या गाळ्यात सगळ्या जातीधर्मांची पोरं 'मी मुस्तफा, मी मुस्तफा' म्हणून भांडत होती. तेव्हा मला फक्त मजा वाटायची. त्यामागचा दिलासा मोठेपणी समजला.

अब्बांना मात्र हा नाद पसंत नव्हता. एकदा मगरिबची नमाज हुकली आणि त्यांनी मला थेट मौलानांसमोर उभं केलं. मौलानांनी तीनच प्रश्न विचारले. पैसे लावून खेळतोस का? नमाज चुकते का? शिव्या देतोस का? पहिल्यात पास झालो, उरलेल्या दोन्हींत नापास. पुढे वाचनात आलं की हे प्रश्न फार जुने आहेत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. या मजहबात बुद्धिबळ हराम नाही, मकरूह धरलं आहे. अट अशी की पैज नको, नमाज बुडू नये, तोंडी वाईट शब्द येऊ नये. भारतातलं चतुरंग इराणात शतरंज झालं, तिथून अरबांकडे गेलं. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये अल-सूली नावाचा विद्वान त्यात असा निष्णात होता की त्याचं नाव आजही बुद्धिबळाच्या इतिहासात घेतात. म्हणजे 'खेळावं की नाही' हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा मला मौलानांचा पहिला प्रश्न आठवला. मुलांना आजही मी तेच तीन प्रश्न विचारतो. दुसऱ्या प्रश्नात नमाजच्या जागी अभ्यास किंवा झोप घातली तरी चालते.

दरम्यान दुबईच्या मामूंनी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. कॅसेटवर हजारो गेम लिहिलेले, आत मोजून पंधरावीस. त्यातला 'कॉन्ट्रा' मी आणि माझा भाऊ लाइट जाईपर्यंत खेळायचो. चांगला होता, पण त्यात सगळ्यांवर नुसत्या गोळ्या झाडायच्या. माझ्या यादीत तो खाली आहे.

माझा दुसरा आवडता गेम 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. बारावीनंतर कॉम्प्युटर क्लास लावला होता, तिथे सर चहाला गेले की आम्ही तो उघडायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने बनवला आणि १९८९ मध्ये तो बाजारात आला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणून तो राजपुत्र खऱ्या माणसासारखा धडपडतो, कड्याला लोंबकळतो.

गोष्ट अशी की सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरने शहजादीला कोंडलंय आणि तासाभरात तिला सोडवायचंय. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठेच लागते. खरा जाफर म्हणजे जाफर बिन याह्या बरमकी, खलिफा हारून अल-रशीदचा वजीर. हे बरमकी घराणं मूळचं बल्खचं. त्यांचे पूर्वज तिथल्या नवविहार या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. जाफरच्या वडिलांनी, याह्यांनी, भारतातले वैद्य बगदादला बोलावले, संस्कृत वैद्यकग्रंथांची भाषांतरं करवून घेतली. सुश्रुताचा ग्रंथ अरबीत गेला तो याच काळात. ८०३ मध्ये हारूनने जाफरची गर्दन मारली आणि घराण्याची धूळधाण केली. 'अरेबियन नाइट्स'मध्ये तो खलिफासोबत वेश बदलून रात्रीचा शहरात फिरणारा सोबती आहे. त्याला कपटी वजीर केलं १९४०च्या 'द थीफ ऑफ बगदाद' या सिनेमाने. तिथून तो गेममध्ये आला आणि १९९२ मध्ये डिस्नेच्या 'अलादीन'मध्ये. आज कुठल्याही मुलाला विचारा, जाफर म्हणजे खलनायक. आपल्या सुश्रुताला अरबी वाचकांपर्यंत नेणाऱ्या घराण्याच्या वाट्याला हे यावं!

तरीही हा गेम मला आवडतो, आणि त्याचं कारण बाराव्या टप्प्यात आहे. चौथ्या टप्प्यात राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली वेगळी होऊन पळून जाते. पुढे ती त्याला सतावत राहते. शेवटी बाराव्या टप्प्यात तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिला वार करावा तर आपलंच रक्त कमी होतं. आम्ही कितीतरी दुपारी असेच मेलो. उपाय एकच होता, तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. सावली अंगात मिसळते आणि वाट उघडते. हे ज्या मुलाने शोधून काढलं, त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी वडापाव खाऊ घातला.

नावडता गेमही सांगायला हवा. बीएडच्या काळात सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' जोरात होता. दोन गट, पोलिसांचा आणि टेररिस्टांचा. बाजू आलटून पालटून घ्यायच्या असतात, त्यामुळे हा शब्द प्रत्येकाच्याच वाट्याला येतो. मैदान बहुतेकदा एखाद्या अरबी गावासारखं, पिवळ्या भिंतींचं. पहिल्याच दिवशी एक मित्र सहज म्हणाला, "तू टेररिस्ट घे, तुला जमेल." सगळे हसले, मीही हसलो. तो मुलगा वाईट नव्हता, आजही माझा मित्र आहे. पण पैसे देऊन मी लवकर निघालो. त्याच पोरांनी दहा वर्षांपूर्वी माझ्याआधी मुस्तफा पकडला असता. बदललं होतं ते मधल्या काळातलं जग, आणि गेम त्याच जगातून येतात.

तिसरा आवडता 'एज ऑफ एम्पायर्स'चा १९९९चा दुसरा भाग. त्यात सलाहुद्दीन अय्यूबीची मोहीम आहे, आणि ती सांगतो त्याच्या छावणीत कैद असलेला एक युरोपीय सरदार. तिरस्काराने आलेला हा माणूस हळूहळू सलाहुद्दीनची माणुसकी ओळखू लागतो. शत्रूच्या तोंडून आपली गोष्ट ऐकणं मला तिथे पहिल्यांदा भेटलं. इतिहासात १०९९ मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा मोठी कत्तल झाली. १९८७ साली नव्हे, तर ११८७ साली सलाहुद्दीनने ते परत घेतलं, एवढं तरी मुलांनी लक्षात ठेवावं म्हणून मी वर्गात मुद्दाम हा विनोद करतो. त्याने खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांतले कित्येक सोडले, पण बरेच गुलामही झाले. हा शेवटचा भाग आपण भाषणांत गाळतो. गाळू नये.

अलीकडे पनवेलला भाच्याकडे 'असॅसिन्स क्रीड मिराज' पाहिला. २०२३चा हा गेम नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. त्यात बाजार आहेत, कालवे आहेत, अजान ऐकू येते आणि जागोजागी खऱ्या इतिहासाच्या नोंदी वाचायला मिळतात. मारामारी मला झेपली नाही. मी आपला गल्ल्यांतून फिरत बसलो. भाचा कंटाळून झोपी गेला.

ऑफ तास संपताना एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या इथला गेम का नाही?" तिला सांगितलं की पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, त्याचं जगभर कौतुक झालं. म्हणजे इथली माणसं गेम बनवू शकतात. मग मी फळ्यावर उंबरखिंडीचा नकाशा काढला. आमच्या खालापूर तालुक्यातली जागा, २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान जंगलातल्या अरुंद वाटेत अडकलेला, सोबत रायबागन ही माहूरची लढवय्यी बाई. वर डोंगरावर शिवाजी महाराजांचे मावळे. पाणी नाही, पुढे मागे वाट नाही. शेवटी कारतलबखान शरण आला, खंडणी दिली आणि महाराजांनी त्याच्या फौजेला जिवंत जाऊ दिलं.

पोरं टक लावून ऐकत होती. मोगलांकडून रायबागन लढते आहे हे त्यांना नवीन होतं. मग मी खांदेरीचं सांगितलं. १६७९ मध्ये अलिबागजवळच्या समुद्रात महाराजांच्या आरमाराकडून मायनाक भंडारी आणि दौलतखान लढत होते, समोर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी. म्हणजे आमच्या नावाचे लोक दोन्ही बाजूंना होते आणि त्यांच्या नावाचेही.

बेल झाली. मघाशी हसलेला मुलगा बाकावरून ओरडला, "सर, गेम निघाला तर दौलतखान मी होणार!"

मागून दुसरा म्हणाला, "तू कशाला? मी होणार." त्या दुसऱ्याचं आडनाव भोईर आहे.