निर्धूर चूल
निर्धूर चूल ही लाकूडफाटा, काटक्या, गोवऱ्या अशा जळणावर चालणारी व धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडणारी सुधारित चूल होय.

रचना व कार्य
पारंपरिक चुलीत हवा अपुरी पडल्याने जळण अर्धवट जळते. त्यातून निघणारा धूर आणि गंधहीन, विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू स्वयंपाकघरात साचतो. त्याचा त्रास प्रामुख्याने स्त्रिया व लहान मुलांना होतो. निर्धूर चुलीत मुख्य चूल व वैल बंदिस्त मार्गाने धुराड्याला जोडलेली असतात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या ओढीने ताजी हवा जळणाच्या तोंडातून आत येते. वाया जाणारी उष्णता वैलावरील भांड्यास मिळते.

इतिहास
वर्धा येथील मगनवाडीत 'मगन चूल' विकसित झाली. १९५० च्या दशकात हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. केंद्र शासनाने १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू केला. मात्र देखभालीअभावी अनेक चुली वापराबाहेर गेल्या.

निवड व निगा
चुलीची तोंडे घरातील भांड्यांच्या मापाची असावीत. भांडे नीट न बसल्यास फटींतून धूर बाहेर येतो. वैल रिकामे असताना त्यावर झाकण ठेवावे. धुराडे छपराच्या वर न्यावे. धुराड्यातील काजळी नियमित काढावी; अन्यथा धूर पुन्हा घरात शिरतो. धुराडे नसलेली कोळशाची शेगडी धूर दिसत नसला तरी बंद खोलीत प्राणघातक ठरू शकते.