शंकरपटाच्या मुलखात सायकलची शर्यत

रस्त्यावरची सायकल शर्यत जिंकलेल्या पोराची बातमी ठरलेल्या साच्यात येते: बापाची कोरडवाहू शेती, उधारीवर घेतलेली सायकल, पहाटेचा सराव आणि शेवटी जिद्द. जिद्द खोटी नसते, पण तिच्यानं शर्यतीचा उलगडा होत नाही. रोड रेस घोळक्यात चालते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर राखलं की वाऱ्याचा मार त्याच्या छातीवर जातो आणि मागच्याची जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाचते. ही वाचलेली ताकद कुठे खर्चायची, घोळक्यातून कधी सुटायचं, हे एकट्यानं कितीही पायडल मारून कळत नाही. म्हणून ज्युनियर गटातला, म्हणजे १७-१८ वर्षांचा विजेता घडायला त्याच्याच तोडीची पंधरा-वीस पोरं आणि दरवर्षी ठरल्या वेळी होणारी शर्यत लागते. मुंबई–पुणे शर्यतीनं महाराष्ट्राच्या काही भागाला ही सोय दिली. बोरघाट सर्वांत आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरे आणि पुढच्या पिढीला गाठायला एक माणूस मिळे. अमरावती-अकोल्याकडे, म्हणजे वऱ्हाडात, अशी परंपरा रुजली नाही. त्याचं कारण मुलांच्या पायांत शोधण्यापेक्षा या मुलखाच्या इतिहासात शोधावं.

शर्यतीची हौस वऱ्हाडाला नव्हती, असं म्हणताच येणार नाही. हा कापसाचा मुलूख, आणि कापूस बैलांवर चालला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं त्या सुमारास इथला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जात असे. रेल्वे आली ती १८६०च्या दशकात. ज्या गावांचं पोट बैलाच्या चालीवर होतं, त्यांनी शर्यतही बैलांचीच मांडली. पिकं घरात आली की हिवाळ्यात शंकरपट भरे. सरळ आखलेल्या पट्ट्यावर जोडी सुटते, हलक्या छकड्यावर धुरकरी वाकलेला असतो, आणि निकाल सेकंदांच्या हिशेबात लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट तर दूरदूरच्या जोड्या ओढून आणतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. एवढ्या वर्षांच्या खंडानंतरही पट पुन्हा उभे राहिले. मैदान, तारीख, बक्षीस आणि पाहणारे लोक हे सगळं गावाच्या अंगवळणी पडलं होतं म्हणूनच ते शक्य झालं.

सायकलच्या वाट्याला असा पट आला नाही. ती आली तीच कामाची वस्तू म्हणून. दुधाचे कॅन, गवताचा भारा, शाळामास्तरांची पिशवी तिनं वाहिली. लग्नात घड्याळ-रेडिओबरोबर ती मागितली गेली. पोरं तासाच्या भाड्यानं आणलेली मोठी सायकल दांडीखालून पाय घालून ‘कैची’ चालवत शिकली. चौकात आठ-आठ दिवस न उतरता सायकल फिरवणारा कलावंत आला की गर्दी जमे, नोटा टाचल्या जात. पण तो खेळ एकट्याचा आणि प्रेक्षक बघे. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्पर्धा असे ती स्लो सायकलिंगची, म्हणजे जो सर्वांत मागे राहील तो पहिला! सायकल घरोघर असूनही वेगानं एकमेकांना गाठायचं निमित्त मुलांना फारसं मिळालं नाही. 

मग व्यायामाच्या संस्था कमी होत्या का? उलट, अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ देशभर नावाजलं. त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पण या मंडळाच्या आखाड्याचं वळण सांघिक कवायतीचं आणि शिक्षक घडवण्याचं होतं. सायकल त्याच्या परिघाबाहेर राहिली. मात्र ज्या खेळाला इथे कायमचं मैदान आणि मार्गदर्शक मिळाले, त्यात तरुण पोरं जिंकली. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं मुष्टियोद्धे घडवले, तर अमरावतीच्या मधुरा धामणगावकरनं मे २०२५ मध्ये शांघायच्या विश्वचषक तिरंदाजीत कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. वऱ्हाडी पोरांत दम नाही, हे म्हणणं इथेच निकालात निघतं.

मग इथेही दरवर्षी सायकलची शर्यत भरवावी म्हटलं, तर तीन हरकती घेतल्या जातात. पहिली उन्हाची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो, हे खरं. पण पट हिवाळ्यात भरतो, शर्यतही भरू शकते. दुसरी पैशाची. शर्यतीची सायकल महाग असते, मान्य. मात्र पटाची जोडी आणि तिचा खुराक स्वस्त पडतो असं कोणता शेतकरी म्हणेल? पैसा हौसेमागे जातो आणि हौस स्पर्धेमागे. तिसरी हरकत सर्वांत वजनदार, ती रस्त्याची. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विक्रम झाला, पण त्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत पोराला सोडणं कोणालाच पटणार नाही. उत्तर असं की मिरवणुकांसाठी आपण रस्ते अडवतोच. वर्षातून एका सकाळी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे चढणारा घाट राखून ठेवणं अशक्य नाही. विजेत्या पोराचा सत्कार करून त्याच्यासारखी पंधरा पोरं तयार होत नाहीत. त्यासाठी शंकरपटासारखी दरसालची, गावानं स्वतःची मानलेली शर्यत हवी.